फोटोतलं ते कोपर माझं

अख्ख्या नागपुरात चित्रावर विश्वास न ठेवणारा आता एकच माणूस उरला आहे, आणि माझं नशीब असं, की मी त्याच्याच घरात भाड्याने राहतो. ते खाली, मी वर. बाकीचं शहर सकाळी पेपरातला फोटो बघतं आणि आज घाबरायचं की खूश व्हायचं ते ठरवून कामाला लागतं. आमचे घरमालक काकाजी फोटो बघतात, चष्मा कपाळावर सरकवतात, पेपर नाकाला लावतात आणि जिन्याखालून मला हाक मारतात, "खाली ये गा. हे काही पटून नाही राहिलं." मी गालावरचा दाढीचा फेस तसाच ठेवून खाली जातो, कारण न गेलो तर ते वर येतात, आणि वर आले की चहा होईपर्यंत उतरत नाहीत.

खरं सांगायचं तर मी थकलेला माणूस आहे. बँकेत दिवसभर मान मोडायची, मग घरी येताना मेट्रोच्या खांबाखांबावर हसणारी माणसं बघायची. दात स्वच्छ म्हणून हसतात, कर्ज मिळालं म्हणून हसतात, निवडणूक जवळ आली म्हणूनही हसतात. घरी येऊन मोबाईल उघडला की त्यात कुणीतरी रडत असतं. यातलं खरं कोणतं नि खोटं कोणतं याची चौकशी करायची ताकद माझ्यात राहिलेली नाही. समोर येईल ते बघायचं आणि जेवून झोपायचं, हे माझं धोरण. काकाजींना हे माझं वागणं अजिबात मान्य नाही.

काकाजी कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं तिथल्या क्वार्टरमध्ये, गच्चीवरची कोळशाची राख झाडण्यात गेली. मग मानेवाड्याला हे घर बांधलं. चित्रांवरचा त्यांचा विश्वास मात्र त्याही आधी, लग्नाच्या वेळीच उडाला होता. स्थळाला पाठवायला फोटो हवा म्हणून ते सीताबर्डीच्या एका स्टुडिओत गेले. तिथे सगळ्या उपवरांसाठी मिळून एकच कोट होता, आणि तो कुठल्यातरी पैलवानाच्या मापाचा होता. स्टुडिओवाल्याने तो काकाजींना घातला आणि पाठीमागून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळला. पुढून साहेब, मागून दोरीवरचं धुणं. तिकडून मुलीचा फोटो आला, त्यात काकू टेलिफोनशेजारी बसल्या होत्या आणि मागे तळं होतं, तळ्यात हंस होते. लग्न झाल्यावर कळलं की टेलिफोन स्टुडिओचा आणि तळं पडद्यावरचं. काकू म्हणायच्या, मी कोट पाहून होकार दिला. काकाजी म्हणायचे, मी टेलिफोन पाहून. ठकास महाठक भेटला आणि संसार मात्र दृष्ट लागावी असा झाला.

तेव्हापासून काकाजींना प्रत्येक गोष्टीची मागची बाजू बघायची खोड लागली. आजही सीताबर्डीला कपडे घ्यायला गेलो की ते आधी काचेतल्या पुतळ्याच्या मागे जातात आणि शर्टाला कुठे टाचण्या लावल्यात ते तपासतात. एकदा एक दुकानदार वैतागला. घ्यायचं काय ते बोला, पुतळ्याची पाठ काहून पाहून राहिले, असं त्याने विचारलं. काकाजी शांतपणे म्हणाले, "पुढून तर सगळेच चांगले दिसते बाप्पा." त्या दुकानातून आम्ही हातरुमाल घेतला आणि निघालो.

घरातही सुटका नव्हती. काकूंनी एकदा गुलाबजामचं तयार पीठ आणलं. जाम तळून पाकात पडल्यावर काकाजींनी त्यातला एक बशीत घेतला, शेजारी ते पाकीट ठेवलं आणि दोन्हींची तुलना सुरू केली. पाकिटावरचा गोल आहे, हा चपटा का. पाकिटावर केशराची काडी आहे, ती आत का नाही. काकूंनी ऐकून घेतलं, मग झारा उगारून त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं आणि पाकिटावरचेच खा म्हणून सांगितलं. नेमका त्याच क्षणी त्यांच्या मुलाने, मंगेशने, गंमत म्हणून फोटो काढला. काकूंचे डोळे अर्धे मिटलेले, नाकाला पीठ, झारा हलल्यामुळे फराटा उमटलेला. काकू गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला काकाजींनी हाच फोटो निवडला. नातेवाईक कुरकुरले, स्टुडिओतला चांगला फोटो आहे, तो लावा म्हणाले. काकाजी म्हणाले, "ती मले अशीच पाहत होती." त्या फोटोला हार घालताना मला अजून झाऱ्याची भीती वाटते.

एकदा तर त्यांनी अख्ख्या शहराची लाज राखली. आमच्या चौकात गाडी लावण्यावरून दोन माणसांची बाचाबाची झाली, चारजण बघायला थांबले, पोलिसाने शिट्टी वाजवली आणि सगळे पांगले. संध्याकाळी एका वाहिनीवर तेच दृश्य लाल पट्टीखाली, ढोल-ताशाच्या आवाजात, पुन्हा पुन्हा दाखवणं सुरू झालं. इतक्या जवळून दाखवलं की चार माणसांची चारशे वाटावीत. अमरावतीहून, वर्ध्याहून फोन यायला लागले. माझ्या बायकोनेही दार लावून घेतलं. दंगल घराखाली होती आणि आम्ही ती टीव्हीवर बघत होतो. काकाजी मात्र चप्पल घालून चौकात गेले, मधोमध उभे राहिले आणि एकेका नातेवाइकाला फोन लावून सांगू लागले, "मी चौकातच उभा हाय. इथं एक गाय हाय आन मी हाय." ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या घरात तर टीव्ही चालू होता.

पेपरातला खोटेपणा ते पत्राने कळवत नाहीत. पत्र फेकता येतं, खुर्चीत बसलेला माणूस फेकता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते छत्री घेऊन थेट कचेरीत जातात आणि स्कूटर माझी असल्यामुळे मीही जातो. तिथे एक उपसंपादक आहे, माझ्यासारखाच थकलेला, त्यामुळे आमचं लगेच जमलं. एका मे महिन्यात 'शहर होरपळले' या बातमीखाली पिवळ्या दुपट्ट्याने तोंड झाकलेल्या मुलीचा फोटो होता. काकाजींनी मागच्या उन्हाळ्यातलीच मुलगी ओळखली. उपसंपादक हात जोडून म्हणाला, काकाजी, ऊन तर तेच आहे ना? काकाजी म्हणाले, "ऊन तेच हाय. पण त्या पोरीचं आता लग्न झालं असन." उपसंपादकाने आम्हाला चहा पाजला. उन्हाळ्याच्या फोटोसाठी नवी मुलगी शोधतो, असा शब्दही दिला.

मंगेश पुण्याला असतो. कॉम्प्युटरचं काम, बायको तिकडचीच, एक मुलगा. काकू होत्या तेव्हा वर्षातून दोनदा यायचा, मग एकदा, मग येतो येतो म्हणायचा. व्हिडिओ कॉल मात्र दर रविवारी करतो. एकदा कामाच्या घाईत त्याने ऑफिसची ती नकली पार्श्वभूमी तशीच ठेवली होती. मागे छतापर्यंत पुस्तकांचं कपाट. काकाजींनी तब्येत विचारली नाही की पाऊसपाणी विचारलं नाही. म्हणाले, वरच्या फळीवरचं लाल पुस्तक काढून दाखव. मंगेश हसत सुटला आणि कपाट काढून टाकलं. मागे बिनरंगाची भिंत आणि वाळत घातलेले नातवाचे कपडे निघाले. काकाजी त्या कपड्यांकडे बराच वेळ बघत होते, मोठा झाला म्हणाले.

अशा माणसाच्या हातात एक दिवस मला घरांच्या जाहिरातीचा चकचकीत कागद दिसला. वर्धा रोडला, शहराच्या बाहेर, नवा लेआउट पडला होता. कागदावर तळं, तळ्याकाठी घर, घराच्या अंगणात आजोबा, मुलगा, आणि आजोबांच्या खांद्यावर नातू. खाली लिहिलं होतं, 'तीन पिढ्या, एक अंगण'. एरवी असा कागद काकाजींनी दहा मिनिटांत फाडून चुलीत घातला असता. हा मात्र आठवडाभर त्यांच्या खिशात होता. मी विचारलं तर म्हणाले, तळं खरं आहे का तेवढं पाहून येऊ. मी त्यांना अगदी कोपरापासून हात जोडले, सुट्टीचा एक दिवस तरी झोपू द्या म्हटलं. शेवटी मीच स्कूटर काढली.

तळं अर्थातच नव्हतं. मुरमाचं मैदान, चुन्याने आखलेल्या रेघा, आणि तळं होणार होतं तिथे बाभळीखाली सिमेंटचा एक बाक. आम्ही बसलो. मी पिशवीतलं संत्रं काढून सोलायला घेतलं. वारा सुटला होता, धूळ उडत होती, काकाजींच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं आणि ते कागदाकडे एकदा, मैदानाकडे एकदा असं बघत होते. यातल्या म्हाताऱ्याची मान दुखत नसेल का, असं काहीतरी बोलले. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तळं नसलं तरी चालन. पण असं घर बांधलं तर माणसं येतीन का गा?" मी फोडीच्या बिया काढत होतो. येतील की, म्हणालो. मुरमाच्या रस्त्यापलीकडे कुणीतरी कॅमेरा घेऊन उभा होता, रस्त्याच्या कामाचे फोटो काढत असेल असं आम्हाला वाटलं.

पुढच्या रविवारी पुरवणीत अर्धं पान फोटो आला. मैदान, बाभूळ, बाकावर एकटे काकाजी, डोळ्यांत पाणी, हातात कागद. वर ठळक अक्षरांत 'परतीच्या वाटेकडे खिळलेले डोळे'. खाली लिहिलं होतं की लेकरं दूर उडून गेल्यावर आईबापांच्या वाट्याला हे येतं. हातात मुलाचं जुनं पत्र, आणि शेजारी रिकामी जागा. ती रिकामी जागा म्हणजे मी. फोटोच्या डाव्या कडेला, नीट बघितलं तर, एक कोपर दिसतं. ते माझं आहे. बाकीचा मी संत्र्यासकट कापला गेलो होतो.

दुपारपर्यंत तो फोटो शहरभर मोबाईलवरून फिरला. कुणी त्याला कविता जोडली, कुणी सतारीचं रडकं संगीत. गल्लीतल्या बायका डबे घेऊन आल्या, आणि रात्रीपर्यंत काकाजींच्या ओट्यावर चार घरची वांग्याची भाजी जमा झाली. काकाजी प्रत्येकीला सांगत होते की तो कागद पत्र नाही, जाहिरात आहे. त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि अजून एक पोळी वाढत होत्या. काकाजी मला म्हणाले, फोटो खोटा आहे, पण भाजी खरी आहे, बस जेवायला. इथवर मलाही गंमतच वाटत होती. मग कुणीतरी काकाजींना ओळखलं आणि फोटोखाली मंगेशचं नाव, त्याच्या ऑफिसचं नाव टाकलं. सोमवारी पुण्यात ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर त्याच्याशी कुणी बोललं नाही. सासऱ्यांनी फोन करून, जावईबापू हे काय ऐकतो, म्हणून विचारलं. अनोळखी माणसांनी त्याला असले शाप दिले, की ते वाचून माझी भूक गेली. मंगेश काही वाईट मुलगा नाही. लांब राहणाऱ्या हजार मुलांसारखा एक मुलगा आहे, आणि मला त्याची फार कणव आली.

मंगळवारी सकाळी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. सुरुवातीला पुण्याच्या शुद्ध भाषेत बोलत होता: बाबा, मी दर रविवारी फोन करत नाही का, तिकडे चला म्हणून कितीदा म्हटलं. मग आवाज चढला आणि पुणं गळून पडलं. "लोकं मले काय काय बोलून राहिले, मालूम हाय का तुमाले? तुमी तर जगातल्या सगळ्या फोटोले खोटं म्हनता. मंग याले म्हना ना बाबा. हे खोटं हाय म्हना." मी जिन्याच्या पायरीवर होतो, वर जावं की खाली यावं कळेना.

काकाजींनी पेपर उचलला. चष्मा कपाळावर सरकवला, स्वतःचाच फोटो नाकाशी धरला आणि दुसऱ्या कुणाचा तपासावा तसा तपासला. एवढा वेळ त्यांनी कुठल्याही फोटोला दिलेला मी पाहिला नव्हता. "पत्र खोटं हाय," ते म्हणाले. "बाजूची जागा खोटी हाय. तिथं हा बसला होता, हे पाह्य याचं कोपर."

"आन बाकी?" मंगेशने विचारलं.

"बाकी मीच हाय," काकाजी म्हणाले.

मग त्यांनी खिशातून तो चकचकीत कागद काढला आणि मुलाच्या हातात दिला. मंगेशने तो उलगडला. आजोबा, मुलगा, खांद्यावर नातू. तो कागदाकडे बघत खाली पायरीवरच बसला. हे पाहायला गेले होते तुमी, असं त्याने अगदी हळू विचारलं. तळं पाहायला गेलो होतो, काकाजी म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले. मंगेशने कागद घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. त्या सकाळी पुन्हा कुणी आवाज चढवला नाही.

दुरुस्ती छापून घ्यायला आम्ही तिघे कचेरीत गेलो. उपसंपादक ओशाळला होता. आमच्याच चार ओळी छापतो म्हणाला, पण त्याने खरं तेही सांगितलं: दुरुस्ती कुणी वाचत नाही, लोक फक्त फोटो बघतात. मुलाचं नाव धुऊन निघायचं असेल तर फोटोच पाहिजे. म्हणून दुपारी त्यांचा फोटोग्राफर आमच्या घरी आला. ओसरीच्या पायरीवर बापलेकांना शेजारी बसवलं. संध्याकाळच्या गाडीसाठी भरून ठेवलेली मंगेशची बॅग चौकटीत येत होती, ती आत ठेवायला लावली. उजेड कमी पडत होता म्हणून मला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून समोर उभं केलं. मग तो म्हणाला, काकाजींचा सदरा ढगळ दिसतो, माणूस फार वाळल्यासारखा वाटतो. काकू गेल्यापासून काकाजींचे सगळेच सदरे ढगळ झाले आहेत. मंगेश उठला, अंगणातल्या दोरीवरून दोन चिमटे काढून आणले आणि वडिलांच्या पाठीमागे बसून सदरा आवळला.

मी थर्माकोल धरून वाट बघत होतो. आता काकाजी उसळणार, चिमटे काढून फेकणार, फोटोग्राफरला पैलवानाच्या कोटाची गोष्ट सुनावणार. ते मात्र ताठ बसले. हसा म्हटल्यावर हसले. खांद्यावर हात ठेवा म्हटल्यावर मंगेशने ठेवला. "झालं" म्हणून फोटोग्राफरने कॅमेरा बंद केला, मी हात दुखले म्हणून थर्माकोल भिंतीला टेकवला, तरी मंगेशचा हात तिथेच होता. ते काही फोटोत आलं नाही.

फोटो छापून आला, पण तो पहिल्याइतका फिरला नाही. कुणी त्याला संगीत लावलं नाही. मंगेश फोटो काढला त्याच संध्याकाळी गेला होता. मुलाची परीक्षा झाली की सगळे येतो म्हणाला आहे. मला वाटतं तो येईल. निदान मला तसं वाटून घ्यायचं आहे.

परवा जिन्याखालून हाक आली. मी फेस पुसून खाली गेलो. काकाजींनी तो फोटो मोठा करून, फ्रेम लावून आणला होता आणि काकूंच्या शेजारी टांगला होता. काकू झारा उगारून, डोळे अर्धे मिटून. आणि पलीकडे हे दोघे, नीटनेटके, तोंडावर माझ्या थर्माकोलचा उजेड. मी सवयीने जवळ जायला लागलो, तर काकाजींनी दंडाला धरून मागे ओढलं. जवळून नको, इथून बघ म्हणाले. चष्मा डोळ्यांवरच होता.

"खरा वाटते ना गा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वाटतो काय काकाजी, आहेच खरा. त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "तू थकला गा. तुले आजकाल सगळंच खरं वाटते," म्हणाले, आणि फ्रेम डावीकडे कलली आहे ती सरळ कर म्हणून स्टूल पुढे केलं. मी चढलो. मागची दोरी खिळ्यावर सारखी करावी म्हणून फोटो जरासा भिंतीपासून ओढला, तेवढ्यात खालून त्यांचा आवाज आला, "मागं नको पाहू. पुढून चांगला दिसते ना? मंग झालं." मी फोटो परत भिंतीला टेकवला आणि खाली उतरलो.